यंत्राचा पंखा कां थांबतो?

वैशाखांत आळंदी-चाकण रस्त्याची धूळ वाऱ्याबरोबर उडूं लागते. अशा गांवीं कोणीं बिटकॉइन काढण्याचें यंत्र मांडलें, तर ही धूळच त्याचा पहिला शत्रु. २०१६ सालीं निघालेलें ॲन्टमायनर एस-९ सुमारें १३०० वॅट वीज खातें आणि जवळजवळ ती सारी उष्णतेच्या रूपानें बाहेर टाकतें. लहानशा पेटींत शेगडीच धगधगत असते म्हणाना! पुढचा पंखा हवा आंत ओढतो, मागचा ती बाहेर लोटतो. एकाच्याहि फेऱ्यांची खूण तारेंतून आली नाहीं, कीं यंत्र आपण होऊन काम थांबवितें.

अशा वेळीं वीज तोडून दोन्ही पंख्यांच्या तारांची अदलाबदल करावी. पडद्यावरचें शून्य दुसऱ्या खोबणीवर गेलें, तर पंखा नादुरुस्त. जागींच राहिलें, तर दोष नियंत्रक बोर्डांत किंवा त्याच्या खोबणींत. धूळ फुंकतांना पातें बोटानें धरावें. नाहीं तर तें भलत्याच वेगानें फिरून बेअरिंगास इजा होते.

कित्येक जण मात्र खोटी खूण देणारा जोड लावून यंत्रास फसवितात. पंखा बंदच राहतो, धोक्याची घंटा तेवढी मुकी होते, आणि पंख्याहून कितीतरी महाग असलेला हॅशबोर्ड भाजून निघतो.