धूमकेतु आणि शिरगणती

इंग्लंडांतील ज्योतिषी एडमंड हॅले यानें १७०५ सालीं एका धूमकेतूचें गणित मांडलें आणि तो १७५८ च्या सुमारास पुन्हां दिसेल असें भाकीत केलें. हॅले १७४२ त वारला. परंतु २५ डिसेंबर १७५८ रोजीं तो धूमकेतु खरोखरच दृष्टीस पडला. भाकितामुळें धूमकेतूनें आपला मार्ग बदलला नाहीं. निसर्गशास्त्रांची निश्चितता येथेंच आहे.

सामाजिक शास्त्रांची गोष्ट निराळी. १९०१ सालच्या हिंदुस्थानच्या शिरगणतींत आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनीं जाती नुसत्या मोजल्या नाहींत, तर लोकमताप्रमाणें त्यांच्या पायऱ्या लावण्याचाहि उपक्रम केला. परिणाम असा झाला कीं, वरची पायरी मिळावी म्हणून अनेक जातींच्या सभांनीं सरकारकडे अर्ज पाठविले. पुढील शिरगणत्यांत कित्येकांनीं जातीचें नवें नांव नोंदविण्याचा आग्रह धरला. मोजला जाणारा मनुष्य मोजणाराचें बोलणें ऐकतो आणि त्याप्रमाणें आपलें वर्तन पालटतो.

मग यांस शास्त्र म्हणावें काय? फ्रेंच तत्त्ववेत्ता ऑग्यूस्त काँत यानें गणित, ज्योतिष, पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र अशी चढती मालिका लावून तिच्या शेवटीं समाजशास्त्र ठेविलें. त्याच्या मतें पद्धति एकच, विषय मात्र अधिक गुंतागुंतीचा. उलट, जर्मनींतील विल्हेल्म डिल्टाय यानें १८८३ सालच्या आपल्या ग्रंथांत मानवविषयक शास्त्रांस स्वतंत्र पाया दिला. कारण मनुष्याच्या कृतीमागील हेतु आंतून समजून घ्यावा लागतो.

सामाजिक शास्त्रांची अंतर्गत वांटणी प्रश्नांवरून होते. उपजीविका कशी चालते हें अर्थशास्त्र पाहतें, सत्ता कोणाकडे व कां हें राज्यशास्त्र, तर कुटुंब, जात, वस्ती यांचे संबंध समाजशास्त्र. परंतु या भिंती पक्क्या नाहींत. मेल्व्हिल ड्यूई याच्या १८७६ च्या ग्रंथालयीन वर्गीकरणांत सामाजिक शास्त्रांस ३०० व निसर्गशास्त्रांस ५०० हे अंक मिळाले. इतिहास मात्र ९०० त गेला. भूगोल व मानसशास्त्र यांचा तर एकेक पाय दोन्ही अंगणांत आहे.

तरीहि एक भेद कायम राहतो. धूमकेतु चुकीच्या रकान्यांत पडला तर आकाशाचें कांहींच बिघडत नाहीं. मनुष्य पडला तर त्याचीं मुलेंहि तेथेंच अडकून राहूं शकतात. म्हणून रकाना आंखण्यापूर्वीं, त्यांत ज्याला बसावयाचें त्याचें म्हणणें ऐकणें हा सामाजिक शास्त्रांत केवळ सौजन्याचा भाग नसून पद्धतीचाच भाग आहे.