शहाजोग कोण?



माल घेऊन बाजाराला जाणे ही आपल्या आजोबा-पणजोबांची रीत. आता बाजारच आपल्या खिशात येऊन बसला आहे. पैठणकडच्या एखाद्या बागाईतदाराची मोसंबी तोडीला आली, की त्याने मोबाइलवर बागेचे चार फोटो टाकायचा अवकाश. संध्याकाळपर्यंत कुठून कुठून फोन सुरू होतात. “दादा, माल बघितला. जाधववाडीच्या भावापेक्षा किलोमागे तीन रुपये जास्त देतो. तोडणी आमची, गाडी आमची. उद्याच माणसं पाठवतो.” आवाज गोड, बोलणे चोख, पण माणूस कोण, कुठला, काही ठाऊक नाही. त्याच्यावर विश्वास टाकावा की टाकू नये, एवढ्याच प्रश्नाचा आज विचार करू. मोसंबीच्या जागी आपण आले घ्या, डाळिंब घ्या, द्राक्ष घ्या, प्रश्न तोच.

ह्यावर दोन उत्तरे चटकन दिली जातात. एक म्हणतो, “अनोळखी माणसाच्या नादी लागूच नये.” दुसरा म्हणतो, “जास्त भाव मिळतोय ना, मग देऊन टाक.” दोन्ही उत्तरे सोपी आहेत, आणि दोन्ही अपुरी. अनोळखी माणसाला दारातच उभे करायचे नाही म्हटले, तर ओळखीचा एकच व्यापारी उरतो आणि तो म्हणेल तो भाव. आज ओळखीचा असलेला व्यापारीही कधीकाळी अनोळखीच होता. उलट, भावाकडे पाहून डोळे मिटले, तर वर्षाची मेहनत एका ट्रकमध्ये बसून निघून जाते. मग करायचे काय?

हा प्रश्न काही मोबाइलबरोबर जन्मलेला नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत ‘पेरिप्लस’ नावाची सागरप्रवासाची वही लिहिली. तीत आपल्या पैठणचे नाव आहे. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तेथून गाड्या भरून रंगीत खडे बंदराला येतात, असे तो सांगतो. त्याच बंदरात इटलीची दारू उतरत असे. आता पाहा, पैठणच्या गाडीवानाने इटली पाहिली नव्हती, इटलीच्या दारूवाल्याने पैठण पाहिले नव्हते, तरी व्यापार चालला. कारण अंगावर येणारा धोका मधल्या माणसांनी, रीतिरिवाजांनी वाटून घेतला होता.

पुढच्या काळात आपल्याकडे हुंडी चाले. तिच्यात ‘शहाजोग’ नावाचा एक प्रकार होता. हातात हुंडी आहे म्हणून कोणालाही पैसे द्यायचे नाहीत. ‘शहा’ला, म्हणजे बाजारात ज्याची पत आहे अशा असामीलाच द्यायचे. समोरचा माणूस खरोखर पतीचा आहे की नाही, ह्याची चौकशी करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर. आणि गंमत अशी, की आजच्या बोलीत ‘शहाजोग’ म्हणजे वरून सज्जनपणाचा आव आणणारा! शिक्षक मंडळींनी हा शब्द मुलांना जरूर सांगावा. एकाच शब्दात खरा सावकारही बसला आहे आणि सोंगाड्याही. दोघांना वेगळे काढते ती फक्त चौकशी.

बाजार समित्या निघाल्या त्याही ह्याच कारणाने. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरायचा, आणि ज्याचा माल त्यालाच भाव कळायचा नाही. वऱ्हाडात कारंजा येथे 1886 साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. पुढे महाराष्ट्राने 1963 साली कायदा केला. परवाना असलेला आडत्या, उघडा लिलाव, तपासलेला काटा आणि हातात हिशेबाची पट्टी, हे सगळे त्या आवाराच्या भिंतीआत आले. 2016 साली राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला आवाराबाहेर नियंत्रणमुक्त केला. बांधावर माल विकायची मोकळीक मिळाली, ते चांगलेच झाले. पण बांधावर समितीचा काटा नाही आणि समितीची नजरही नाही. तिथे चौकीदार आपणच.

आता चौकशी कशी करायची ते पाहू.

पहिली गोष्ट, फोन आला की लगेच ‘हो’ म्हणू नका. नाव, पेढीचे नाव, गाव आणि दुकानाचा पत्ता लिहून घ्या. तो ज्या बाजारातला म्हणून सांगतो, त्या बाजार समितीचा फोन आपण स्वतः शोधून लावा. त्याने दिलेल्या नंबरावर त्याची चौकशी करणे म्हणजे चोराला चोराची साक्ष.

दुसरी गोष्ट, कागद. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरे पॅनची. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला, की पेढीचे नाव आणि नोंदणीची तारीख फुकट दिसते. “वीस वर्षांचा धंदा आहे” म्हणणाऱ्याची नोंदणी गेल्या महिन्यातली निघाली, तर कारण विचारा. मात्र एक ध्यानात ठेवा. ताज्या फळांवर जीएसटी नाही, म्हणून निव्वळ फळांचा व्यापार करणाऱ्या सचोटीच्या माणसाकडे हा क्रमांक नसूही शकतो. आणि लबाड माणूस दुसऱ्याच्याच पेढीचा क्रमांक वापरू शकतो. म्हणून पाहायचे ते असे : पेढीचे नाव, माणसाचे नाव आणि पैसे येणाऱ्या बँक खात्याचे नाव, ही तिन्ही एका माळेत बसतात का? नाव एकाचे, खाते तिसऱ्याचे, तर थांबावे.

तिसरी गोष्ट, माणसे. मोबाइलवरची स्तुती आणि तारे विकत मिळतात. “गेल्या हंगामात कोणत्या गावात माल घेतला?” एवढे विचारा, आणि त्या गावात आपल्या सोयऱ्याधायऱ्यांमार्फत माणूस गाठा. व्यापाऱ्याने निवडून दिलेला साक्षीदार नको. विचारायचे प्रश्न दोनच : पैसे किती दिवसांत आले, आणि वजनात, प्रतवारीत किती तोड केली? दोन मिनिटांच्या ह्या बोलण्यात जे कळते, ते रंगीत जाहिरातीत कळत नाही.

तरीही सगळी चौकशी करून माणूस शंभर टक्के कळतो असे नाही. म्हणून चौथी गोष्ट सर्वांत मोठी : सौदाच असा बांधा, की माणूस खोटा निघाला तरी घर बुडू नये. देवाणघेवाणीत जो आधी देतो, धोका त्याच्या अंगावर असतो. आपण माल आधी दिला, की धोका आपला. म्हणून सौदा ठरताच इसार खात्यावर घ्या, आणि बाकीचे पैसे गाडी काट्यावरून उतरली की, बागेतून हलण्याआधी. वजनपावती दोन प्रती, एक आपल्याकडे. पहिल्या वेळी सगळी बाग उक्ती देऊ नका. एक तोड द्या, पैसे येऊ द्या, मग दुसरी.

“पैसे टाकले” ह्या बोलण्यावर, पाठवलेल्या फोटोवर किंवा मोबाइलवर आलेल्या संदेशावर जाऊ नका. संदेश बनावट असू शकतो. खात्यातली शिल्लक स्वतः पाहावी. पुढच्या तारखेचा चेक म्हणजे पैसे नव्हेत, तो पैशाचा वायदा आहे. आणि ही ओळ घरातल्या पोराबाळांकडून पाठ करून घ्या : पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, आणि क्यूआर कोडही आपल्याला स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

गुरुजींनी फळ्यावर एक हिशेब मांडावा. समजा, दहा टन मोसंबी, बाजारभाव किलोला पंचवीस रुपये. अनोळखी माणूस देतो अठ्ठावीस. जादा मिळणार तीस हजार. तो बुडवून गेला तर हातचे जाणार अडीच लाख. म्हणजे आठ चांगल्या सौद्यांचा जादा नफा एका बुडीत सौद्यात जातो, तरी तूट भरून निघत नाही. मुलांना शेकडेवारी कळेल आणि बापाला धोका कळेल.

काही खुणा मात्र अशा, की दिसल्या की पुढे चौकशीचीही गरज नाही. भाव बाजारापेक्षा फारच चढा. घाई फार : “आत्ताच सांगा, नाहीतर दुसऱ्याचा माल घेतो.” माल आपला असून उलट आपल्याकडेच ‘नोंदणी’चे, ‘गाडीभाड्या’चे पैसे मागणे. कुठलाही खरा गिऱ्हाईक विकणाऱ्याकडून पैसे मागत नाही. सरकारी योजनेतल्या सौरपंपाच्या नावानेही खोटी संकेतस्थळे निघाली आहेत आणि केंद्र सरकारने त्यांबद्दल लोकांना सावध केले आहे. तिथेही हीच कसोटी लावावी : पैसे भरण्याआधी कृषी किंवा महावितरणच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे.

एवढे करूनही फसगत झालीच, तर गप्प बसू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील, तर त्याच क्षणी 1930 ह्या नंबरावर फोन करा आणि बँकेला कळवा. तासाभरात कळवले तर पैसे वाटेतच अडवता येण्याची आशा असते, दोन दिवसांनी ती फार कमी उरते. चेक परत आला असेल, तर बँकेचे कळल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला समोरच्याला पंधरा दिवस मिळतात. त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार करावी लागते. “आज देतो, उद्या देतो” ऐकत बसलात तर ही मुदत हातची जाते, आणि तो नेमका त्यासाठीच गोड बोलत असतो.

पुष्कळ जण मात्र लोक हसतील म्हणून बोलतच नाहीत. फसलेला माणूस घरात तोंड लपवतो, आणि फसवणारा शेजारच्या गावात दुसरी बाग पाहत फिरतो. हे थांबवायला फार मोठी योजना नको, एक वही पुरे. गावच्या शाळेत किंवा सोसायटीत ती ठेवावी. कोणत्या व्यापाऱ्याने कोणाचा माल नेला, पैसे कोणत्या तारखेला आले, तोड किती केली, एवढेच लिहावे. ऐकीव गोष्ट आणि शिवी लिहू नये. दोन हंगामांत त्या वहीत गावाला आपले शहा सापडतील, आणि शहाजोगही ओळखू येतील. नवा पण चोख व्यापारी असेल, त्याचेही ह्यात भलेच आहे. त्याचे नाव त्याच्या आधी पुढच्या गावाला पोहोचेल.

तेव्हा मंडळी, येत्या तोडीला अनोळखी फोन आला, तर रागाने बंद करू नका आणि हुरळूनही जाऊ नका. वही काढा, नाव लिहा आणि सांगा, “चौकशी करून उद्या कळवतो.” खरा व्यापारी एक दिवस थांबतो.