विलो रोडचं घर आणि आपला जिना
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'लंडन प्रवासाचे अनुभव' यावर पंधरा मिनिटं बोला, असा सेक्रेटरींचा हुकूम आहे. दूध आटत आलंय, त्यामुळे अख्खं लंडन सांगत नाही. एका घराबद्दल सांगतो. माझी सगळी हयात बँकेत गेली, त्यातली शेवटची अकरा वर्षं गृहकर्ज विभागात. शेकडो घरांचे नकाशे माझ्या टेबलावरून गेले. पण मी बघायचो काय? क्षेत्रफळ, टायटल क्लिअर आहे की नाही आणि हप्ता पगारात बसतो का. त्या घरात माणसं राहणार कशी, हा रकाना आमच्या फॉर्मात नव्हता.

मुलीकडे गेलो तेव्हा बाबासाहेबांचं किंग हेन्रीज रोडवरचं घर बघायचं हे इथूनच ठरवून गेलो होतो. ते पाहून झालं. तिथून हॅम्पस्टेड जवळच. जावई म्हणाले, "बाबा, आणखी एक घर बघू. एका आर्किटेक्टनं स्वतःसाठी बांधलेलं आहे." पत्ता, २, विलो रोड. समोर हॅम्पस्टेड हीथ म्हणून मोठं माळरान आहे. आणि घर? बाहेरून पाहून मला एखादी सरकारी कचेरी वाटली! विटांची भिंत, सपाट छत, पहिल्या मजल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडक्या. सौ. म्हणाली, "यासाठी तिकीट काढायचं?"

आर्किटेक्टचं नाव एर्नो गोल्डफिंगर. हो, जेम्स बाँडच्या सिनेमातलं तेच नाव. माणूस मूळ बुडापेस्टचा, जन्म १९०२ सालचा. पॅरिसमध्ये शिकला आणि १९३४ मध्ये लंडनला आला. बायको उर्सुला ही क्रॉस अँड ब्लॅकवेल या लोणची-मुरंब्यांच्या प्रसिद्ध घराण्यातली. विलो रोडच्या जागेवर त्याला आधी फ्लॅट्सची इमारत बांधायची होती. तिला परवानगी मिळाली नाही. मग त्यानं एकमेकांना चिकटून तीन घरं काढली आणि मधलं, सगळ्यात मोठं, स्वतःला ठेवलं. १९३९ मध्ये ती पूर्ण झाली.

शेजाऱ्यांनी काय करावं? तुम्ही ओळखलंच असेल. हरकत घेतली! जुनी छोटी घरं पाडून असलं काँक्रीटचं प्रकरण आमच्या हॅम्पस्टेडमध्ये नको, असं त्यांचं म्हणणं. विरोध करणाऱ्यांत हेन्री ब्रूक होते, ते पुढे ब्रिटनचे गृहमंत्री झाले. म्हणजे एन.ओ.सी.वरून भांडणं फक्त आपल्याकडेच होतात असं नाही. बाँडचा लेखक इयान फ्लेमिंग यानं या आर्किटेक्टच्या रागापोटीच आपल्या खलनायकाला त्याचं नाव दिलं, असंही सांगतात. १९५९ मध्ये कादंबरी निघाली तेव्हा खरा गोल्डफिंगर वकिलाकडे गेला. शेवटी प्रकाशकानं कोर्टाचा खर्च द्यायचा आणि पुस्तकाच्या सहा प्रती द्यायच्या, यावर तडजोड झाली. मी असतो तर प्रती घेतल्या नसत्या.

आता आत चला. घराच्या मधोमध काँक्रीटचा गोल जिना. त्याचं इंजिनिअरिंग ओव्ह अरुप या नामांकित इंजिनिअरचं. सगळा भार काँक्रीटच्या सांगाड्यावर असल्यामुळे आतल्या भिंती भार पेलायला नाहीतच. मग त्या भिंती त्यानं घडीच्या केल्या. पहिल्या मजल्यावर कामाची खोली, जेवणाची खोली आणि बैठक आहे. पडदी सरकवली की एकच मोठा दिवाणखाना. १९४२ मध्ये, ऐन युद्धात, रशियाच्या मदतीसाठी याच घरात चित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं. वरच्या मजल्यावर मुलांची जागा, तिथेही तीच युक्ती. मुलं लहान असताना एकच खोली, मोठी झाली की वेगवेगळ्या. मला आपले पहिले दिवस आठवले. प्रत्येकानं मुलं मोठी झाल्यावर हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन ठोकलं आणि मुलं परदेशी गेल्यावर काढलं. आपण ते निमूट केलं, त्यानं आधीच नकाशात धरलं होतं, कारण तिथे त्याला स्वतःला राहायचं होतं. आणि तो राहिला, १९८७ मध्ये वारला तोपर्यंत. पुढे राजवाडे नि गढ्या सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टनं हे घर घेतलं आणि १९९६ मध्ये लोकांना खुलं केलं.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. या माणसानं स्वतःचं घर झकास बांधलं, त्यात विशेष काय, असं मी जावयांना म्हणालो. त्यावर त्यांनी बॅल्फ्रन टॉवरची गोष्ट सांगितली. पूर्व लंडनमध्ये सर्वसामान्य भाडेकरूंसाठी गोल्डफिंगरनं २६ मजल्यांची इमारत बांधली. १९६८ मध्ये, लोक राहायला आल्यावर, हा आणि उर्सुला विलो रोडचं घर सोडून तिथे वरच्या मजल्यावर दोन महिने राहिले. भाडं भरून! शेजाऱ्यांना घरी बोलावून शॅम्पेन पाजली आणि विचारलं, काय आवडलं, काय त्रास होतो? उर्सुला रोज टिपणं करायची. एक तक्रार लिफ्टची होती. लिफ्ट दोनच आणि वाट बघण्यात वेळ जातो. १९७२ मध्ये त्याचा पुढचा, ३१ मजल्यांचा ट्रेलिक टॉवर पूर्ण झाला. त्यात लिफ्ट किती? तीन.

इथे मला जरा घोटभर पाणी द्या.

आपली इमारत उभी राहत होती तेव्हा खजिनदार मी होतो, हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे. नकाशात लिफ्ट होती. चारच तर मजले, असं म्हणून ती रद्द करण्याचा ठराव मी मांडला. घरटी वीस हजार वाचले आणि त्याबद्दल सभेनं माझ्या अभिनंदनाचा ठराव केला, तो इतिवृत्तात आहे. लिफ्टच्या जागेत आज मोडक्या सायकली आहेत. माझा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. हिशेब चोख होता, पण तो पहिल्या मजल्यावरचा होता. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींना तीन वर्षांपूर्वी खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं आणि ॲम्ब्युलन्समध्ये ठेवलं. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरपी करावी लागत होती. मी दारात उभा राहून बघत होतो. वहिनी घरी परत आल्या, पण त्यानंतर त्यांनी जिना उतरला नाही. आज त्या वर गच्चीत इथल्यापेक्षा चंद्राच्या जास्त जवळ आहेत, एवढंच.

लिफ्टचा प्रस्ताव पुढच्या सर्वसाधारण सभेत पुन्हा येतोय. खालच्या मजल्यांनी वर्गणी का द्यायची, हा मुद्दा आहे. चुकीचा मुद्दा आहे असं मी म्हणत नाही, पंचवीस वर्षांपूर्वी तो मीच शिकवला. म्हणून मागच्या महिन्यात मी आणि सौ. चौथ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये आठ दिवस राहिलो. मालक पुण्याला असतात, त्यांनी किल्ली दिली, भाडं घेतलं नाही. बऱ्याच जणांना वाटलं आमचं भांडण झालंय किंवा घरात रंगकाम आहे.

उर्सुलाबाईंसारखी मीही टिपणं केली. पायऱ्या बहात्तर. पहिल्या दिवशी भाजी आणली, कोथिंबीर राहिली. तसंच जेवलो. दुसऱ्या दिवशी गॅसवाला वर यायचे वेगळे पैसे मागून गेला. तिसऱ्या दिवसापासून सौ. देवळात गेली नाही. मी विचारलं, तर म्हणाली गुडघे नाहीत हो, कंटाळा आलाय. पाचव्या दिवशी शेजारच्या वहिनींकडे चहाला गेलो. त्यांनी विचारलं, "भावजी, खाली चाफा लावला होता, तो केवढा झाला?" मी रोज त्या झाडाशेजारी स्कूटर लावतो. मला सांगता येईना. मी खाली उतरून बघून आलो आणि पुन्हा वर जाऊन सांगितलं, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला लागलाय.