एका मशिदीतील दोन लेख



बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत विद्यार्थ्यांना नेले म्हणजे मी त्यांना दोन शिलालेख आवर्जून दाखवितो. एक संस्कृतात आहे. मशीद बांधविणारा खानदेशचा सुलतान राजा अलीखान फारुकी याने आपली वंशावळ तेथे कोरविली आहे. दुसरा लेख अकबर बादशहाच्या दक्षिणेतील विजयाचा. दोहोंत अंतर आहे ते जेमतेम दहा-अकरा वर्षांचे. तेवढ्या काळात एक राज्य बुडाले.

हा राजा अलीखान मोगलांचा मित्र होता. १५९७ मध्ये गोदावरीकाठी आष्टीच्या लढाईत तो मोगलांच्या बाजूने लढत असताना पडला. तो फितूर झाला असे समजून मोगलांनी त्याचाच तळ लुटला. पुढे रणांगणावर त्याचे प्रेत सापडले, तेव्हा संशय फिटला! त्याचा मुलगा बहादूर याने अकबराशी जुळवून घेतले नाही, यात नवल ते काय? मार्च १६०० च्या अखेरीस अकबर बुऱ्हाणपुरात शिरला. शहर लढले नाही. बहादूर सुमारे वीस किलोमीटरवरील असीरगडावर जाऊन बसला होता. शहर मिळाले, परंतु गड मिळेना. डिसेंबरात बहादूर खाली उतरला आणि अडकला; तरीही गड झुंजतच राहिला. अखेर जानेवारी १६०१ मध्ये तोही पडला. बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली.

गड पडला कसा? अबुल फजल गडावरील रोगराईकडे बोट दाखवितो. अकबराबरोबर तेव्हा जेरोम झेवियर हे जेझुइट पाद्री होते. जेझुइटांच्या वृत्तांतात निराळेच आहे: अभयाची शपथ देऊन बहादूरला खाली बोलाविले, मग धरून ठेवले आणि पुढे पैसा चारून दरवाजे उघडले.

"मग खरे कोणाचे, गुरुजी?" असे मुले विचारतात. मी ख्रिस्ती. पाद्र्यांच्या बाजूने कौल द्यावा, असा मोह मलाही होतो. परंतु अबुल फजल जसा बादशहाचा चाकर होता, तसेच पोर्तुगीजही अलिप्त नव्हते. गडावर बहादूरच्या चाकरीत काही पोर्तुगीज होते. शिवाय तो वृत्तांत युरोपात संकलित झालेला. आपल्या माणसाची साक्षही परक्याच्या साक्षीइतकीच कसून तपासावी लागते. आपल्या मराठी स्वाऱ्यांच्या बखरी वाचतानाही हाच नियम पाळावयास हवा. १६८१ साली संभाजीराजांच्या फौजेने याच शहराची पुरे लुटली, तेव्हा येथील रहिवाशांस काय वाटले असेल, हेही विचारावयास हवे.

एक गोष्ट मात्र वादातीत आहे. जेत्याने आपला लेख कोरविला, पण आधीचा पुसला नाही. म्हणून आज मुलांना दोन्ही वाचता येतात. शिक्षकाने तरी याहून निराळे काय करावे?