चार सेंटिमीटर

लांब उडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो वाळूचा हौद. पण ही उडी खरी ठरते त्याच्या अलीकडे, धावपट्टीवर. सुमारे पन्नास मीटर धावत यायचं आणि अवघ्या २० सेंटिमीटर रुंदीच्या फळीवर पाय टाकायचा. पाय जरा पुढे पडला की उडी बाद. जरा मागे पडला तर तेवढं अंतर फुकट गेलं, कारण मोजणी फळीच्या पुढच्या कडेपासून होते. म्हणून जो वेगानं धावतो आणि त्या वेगातही पावलं नेमकी टाकतो, तोच लांब उडतो. अमेरिकेच्या कार्ल लुईसला हे दोन्ही साधलं होतं.

अलाबामात १९६१ साली जन्मलेला कार्ल न्यू जर्सीत वाढला. आईवडील दोघंही ॲथलेटिक्सचे प्रशिक्षक. पुढे ह्यूस्टन विद्यापीठात टॉम टेलेझ यांनी त्याला घडवलं. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी आणि रिले अशी चार सुवर्णपदकं त्यानं घेतली. जेसी ओवेन्सनं १९३६ साली बर्लिनमध्ये जिंकल्या होत्या, अगदी त्याच चार स्पर्धा! तरी घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. का, तर पहिलीच उडी ८.५४ मीटर, दुसरी फाऊल, आणि उरलेल्या चार त्यानं घेतल्याच नाहीत. लोक विक्रम बघायला आले होते. पण पुढे २०० मीटर आणि रिले बाकी असताना त्यानं पाय राखले, यात मला तरी काही चुकलेलं दिसत नाही.

सोल ऑलिंपिकमध्ये १९८८ साली १०० मीटरमध्ये पहिला आलेला बेन जॉन्सन उत्तेजक चाचणीत सापडला आणि ते सुवर्ण लुईसला मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या निवड चाचणीत लुईसच्याही नमुन्यात उत्तेजकाचे अंश आढळले होते. संघटनेनं ते अजाणता घेतल्याचं मानून त्याला मोकळं केलं होतं. ही गोष्ट बाहेर आली २००३ मध्ये.

पण मला सांगायची आहे ती टोकियोतली संध्याकाळ, ३० ऑगस्ट १९९१ ची. जागतिक स्पर्धा. पाचच दिवसांपूर्वी लुईसनं १०० मीटर ९.८६ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला होता. लांब उडीत तर तो दहा वर्षं हरलाच नव्हता, ओळीनं ६५ विजय. चौथ्या फेरीत तो ८.९१ मीटर उडाला. बॉब बीमनचा १९६८ चा ८.९० चा जागतिक विक्रमाचा आकडा ओलांडला गेला, पण मागून वारा जोराचा होता. सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त वारा असला, की उडी स्पर्धेसाठी धरतात, विक्रमासाठी नाही. पाचव्या फेरीत त्याचा प्रतिस्पर्धी माइक पॉवेल नियमातल्या वाऱ्यात ८.९५ उडाला. लुईसकडे दोन उड्या उरल्या होत्या. ८.८७, मग ८.८४. एवढ्या लांब उड्या एकाच दिवशी कुणी मारल्या नव्हत्या आणि तरी त्याच्या गळ्यात रौप्यपदक पडलं.

पुढच्याच वर्षी बार्सिलोनात त्यानं पॉवेलला तीन सेंटिमीटरनं हरवलं. १९९६ मध्ये अटलांटात, पस्तिसाव्या वर्षी, ८.५० मीटर उडून त्यानं लांब उडीचं सलग चौथं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. एकूण नऊ सुवर्ण, एक रौप्य. इनडोअर लांब उडीचा ८.७९ मीटरचा विक्रम १९८४ पासून त्याच्या नावावर आहे. खुल्या मैदानातला मात्र त्याला कधीच मिळाला नाही. तो पॉवेलचाच आहे.