मुलाचे दुखणे कोणी मोजावे?



स्मृतिव्याख्यानासाठी आपण एका परिचारिकेला पाचारण केलेत, याचा मला आनंद वाटतो. अशा व्यासपीठांवर डॉक्टरांना बोलावण्याचीच आपली रीत आहे. मी बोलणार आहे ते मात्र एका नियतकालिकाविषयी. ‘पीडिऍट्रिक नर्सिंग’ हे बालशुश्रूषेला वाहिलेले अमेरिकन नियतकालिक १९७५ साली सुरू झाले. त्यातील दोन लेखांनी आमच्या कामाचे स्वरूप पालटले.

ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथे, हिलक्रेस्ट रुग्णालयाच्या जळित कक्षात, डॉना वाँग या परिचारिका आणि कॉनी बेकर या बालरुग्णांना मानसिक आधार देणाऱ्या कार्यकर्त्या १९८०च्या दशकाच्या आरंभी एकत्र काम करीत. भाजलेल्या मुलाची मलमपट्टी बदलणे ज्याने पाहिले आहे, त्याला अधिक सांगावयास नको. लहानग्यांना आपले दुखणे आकड्यांत सांगता येत नसे. तेव्हा या दोघींनी मुलांना कोरी वर्तुळे दिली आणि त्यांत चेहरे काढावयास सांगितले. त्या चित्रांवरून सहा चेहऱ्यांची मापनपट्टी सिद्ध झाली. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात तीन ते अठरा वर्षांच्या १५० मुलांवर सहा मापनपद्धतींची तुलना आहे. अचूकतेत कोणतीही एक पद्धत सरस ठरली नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. मुलांची पसंती मात्र सर्व वयांत चेहऱ्यांनाच होती. आपल्याच शोधाविषयी इतके तोलून लिहिणे मला त्या शोधाइतकेच मोलाचे वाटते.

या पट्टीवर आक्षेपही आले, आणि ते रास्त आहेत. शून्यापाशी हसरा आणि शेवटी अश्रू ढाळणारा चेहरा असेल, तर आईविना कासावीस झालेले मूल दुखत नसतानाही रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवील. म्हणून २००१ साली मांडल्या गेलेल्या दुसऱ्या एका पट्टीत हसू आणि अश्रू दोन्ही वगळले आहेत.

ज्यांना बोटही दाखविता येत नाही, त्या अर्भकांचे काय? येथे आपल्या इंदूरचा संबंध येतो. आपल्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांवरील हृदयशस्त्रक्रियांचा अभ्यास केला. त्या काळी अशा बालकांना पुरेसे वेदनाशामक न देता शस्त्रक्रिया होत असत. भुलीत फेंटानिलची जोड दिली असता शरीरावरील ताण घटतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते, हे त्यांनी १९८७ साली दाखवून दिले. पुढे १९९७ साली ‘पीडिऍट्रिक नर्सिंग’मध्येच ‘फ्लॅक’ पद्धती आली. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटणे या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण. कागद, पेन्सिल आणि सजग डोळे एवढेच तिला लागते.

‘शहाणे बाळ रडत नाही’ हे वाक्य आपल्या वॉर्डांत अजून ऐकू येते. निपचित पडलेले मूल शांत आहे असे समजणे फार सोयीचे असते, विशेषतः एका परिचारिकेकडे बरीच मुले असतात तेव्हा. अशा वेळी नोंदीचा रकाना कामास येतो. तो रिकामा दिसला की कोणीतरी विचारते.

येथील वॉर्डांत माळवी, निमाडी, हिंदी, मराठी अशा सर्व घरांतील मुले येतात. मी विद्यार्थिनींना सांगत असे : दाखल करतानाच आईला विचारा, दुखण्याला तुमचे मूल घरी काय म्हणते? कोणी ‘बाऊ’ म्हणते, कोणी नुसते ‘उई’. तो शब्द केसपेपरवर, नावाखालीच लिहून ठेवा. रात्रपाळीच्या मुलीला तो लागणार आहे.