स्वागताध्यक्षीय भाषण : विकरनिरोध आणि शरीरातील कॅनाबिनॉइडे



गांजातील द्रव्ये मेंदूतील ज्या ग्राहींना चिकटतात, त्यांच्यासाठी शरीर स्वतःही प्रामुख्याने दोन द्रव्ये, म्हणजे कॅनाबिनॉइडे, तयार करते. आनंदामाइड १९९२ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी डुकराच्या मेंदूतून वेगळे केले. टू-एजीची नोंद १९९५ मध्ये झाली. गरजेच्या वेळी पेशीपटलातील मेदापासून ती बनतात आणि काम संपताच विकरे, म्हणजे एन्झाइम, त्यांचे विघटन करतात. आनंदामाइड मुख्यतः ‘फा’ हे विकर मोडते, टू-एजी मुख्यतः ‘मॅग्ल’.

गांजा या सर्व ग्राहींवर सरसकट परिणाम करतो. उलट, विकर रोखले, तर द्रव्य जिथे तयार होते तिथेच अधिक काळ टिकते. नशेविना वेदना आणि चिंता कमी होतील, ही आशा त्यातूनच निर्माण झाली. उंदरांत ती बरीच फळली. माणसांत फायझर कंपनीच्या फा-निरोधकाने, म्हणजे फा रोखणाऱ्या औषधाने, आनंदामाइडची पातळी वाढली, पण गुडघ्याच्या संधिवाताची वेदना कमी झाली नाही. मॅग्ल दीर्घकाळ पूर्ण रोखल्यास उंदरांतील ग्राहींची संवेदनशीलता घटते आणि औषधाचा गुण ओसरतो.

वाढलेले आनंदामाइड एकाच ग्राहीवर थांबत नाही. मिरचीच्या तिखटाला प्रतिसाद देणाऱ्या टीआरपीव्ही-१ ग्राहीवरही ते काम करते. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागाने २०१२ मध्ये दाखवले, की या मार्गाने उंदरांची गोट्या पुरत राहण्याची सक्तीची वर्तणूक वाढते.

विकराचे कामही एकच नसते. पॅरासिटॅमॉलपासून यकृतात बनलेल्या घटकाला मेंदूतील फा ॲराकिडोनिक आम्लाशी जोडते आणि एएम-४०४ हे क्रियाशील द्रव्य तयार होते. त्यामुळे फा रोखल्यास आनंदामाइड वाढेल, पण एएम-४०४ बनणार नाही. उंदरांची चिंता पॅरासिटॅमॉलने कमी होते आणि त्यात गांजातील द्रव्ये ज्याला चिकटतात त्या सीबी-१ ग्राहीचा सहभाग असतो, हे नागपूरच्याच विभागाने २००९ मध्ये नोंदवले.

निरोधकाची निवडकता किती महत्त्वाची, हे फ्रान्समधील रेन येथे जानेवारी २०१६ मध्ये कळले. बीआयए १०-२४७४ या फा-निरोधकाच्या चाचणीत सहा स्वयंसेवकांना रुग्णालयात हलवावे लागले. एकाचा मृत्यू झाला. हे औषध चेतापेशींतील इतर मेदविघटक विकरांनाही रोखते, असे पुढे आढळले. त्याच गटातील अधिक निवडक औषधांनी असा अपाय केला नव्हता.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ पासून ग्रामीण वैद्यकाचे शिक्षण देत आली आहे. ग्रामीण भागात सांधे आणि कंबर धरलेल्या शेतमजुराला पहिली गोळी बहुधा पॅरासिटॅमॉलचीच मिळते. तेव्हा फा-निरोधक उद्या बाजारात आला, तर दोन्ही औषधे एकत्र देताना काय होईल, हा प्रश्न वर्ध्याच्या ओपीडीचाही आहे. या प्रश्नावर औषधशास्त्रज्ञ आणि चिकित्सक यांनी एकत्र विचार करावा, यासाठी स्वागत समितीच्या वतीने सर्वांचे वर्धानगरीत स्वागत.